नाण्यावरचा डाग कोणाचा?

मंडळी, आजचा प्रश्न दिसायला घरगुती आहे. जुन्या पेटीत व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया सापडला, काळा पडलाय. धुवायचा का? देवाची भांडी आपण चिंचेनं घासतोच की! पण समई ही वापरायची वस्तू आहे, नाणं हा पुरावा आहे. म्हणून आधी विचारायचं, हा डाग कोणाचा? उत्तरं तीन.

पहिलं, डाग बाहेरून आलाय. माती, हाताचं तेल, किंवा पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून उतरलेला हिरवट चिकटा. हा परका आहे, काढायला हरकत नाही. मातीला डिस्टिल्ड वॉटर, चिकट्याला शुद्ध अ‍ॅसिटोन. अ‍ॅसिटोन धातूला धरत नाही, पण पेट घेतो. म्हणून काचेची वाटी, उघडी खिडकी, आणि जवळपास ज्योत नको. घासायचं मात्र नाही.

दुसरं, डाग नाण्याचाच आहे. त्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, त्यात चांदी 91.7 टक्के. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होतो आणि सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. म्हणजे काळं काही चांदीवर बसलेलं नाही, चांदीच काळी झालीय! थायोयुरिया आणि आम्लाच्या द्रावणात बुडवलं की काळेपणा जातो, पण त्यातली चांदीही जाते. पुन्हापुन्हा बुडवलं तर टाकसाळीतली मूळ झळाळी संपते. जाणकार ते ओळखतात, किंमत उतरते. तांब्याच्या शिवराईचं तर आणखी नाजूक. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं पुष्कळदा त्या गडद थरातच टिकलेली असतात. थर काढला की अक्षरंही गेली.

तिसरं, डाग नाण्याला खातोय. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी येते, झटकली तरी दमट हवेत परत येते. हा क्लोराइडचा रोग. इथे ‘हात लावायचा नाही’ म्हणून बसणं चूक. नाणं कोरडं ठेवा, इतरांपासून वेगळं करा, आणि संग्रहालयातल्या वस्तूंवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा.

आता यातलं तत्त्व बघा. न धुतलेलं नाणं उद्या धुता येतं. धुतलेलं नाणं परत ‘न धुतलेलं’ करता येत नाही. म्हणून शंका असेल तिथे थांबावं. पण थांबणं शहाणपणाचं कधी? नाणं स्थिर असेल तेव्हाच. ते झिजत असेल, तर काही न करणं हाही निर्णयच झाला, आणि त्याची जबाबदारीही आपलीच.