ट्रॅक्टर आपला, पण त्याची किल्ली कोणाच्या हाती?

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला, म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने एकेका दिवसाचे मोल किती असते, हे वाचकांस सांगावयास नको. अशाच एका दिवशी आमच्या तालुक्यातील एका गावी पंचावन्न अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर पेरणीयंत्रासह शेतात उभा राहिला. इंजिन सुरू होई, परंतु ओढ लागत नसे. समोरच्या फलकावर तांबडा दिवा लागून एक क्रमांक दिसत होता.

गावचा मिस्त्री आला. वीस वर्षे इंजिने उघडून बसविण्यात ज्याचा हात बसलेला आहे, असा हा जाणता माणूस. त्याने डिझेलची गाळणी पाहिली, नळ्या पाहिल्या, तारा चाचपल्या, आणि शेवटी हात पुसून म्हणाला, "इंजिनात मला काही दिसत नाही. दुखणे काय आहे ते कंपनीचा लॅपटॉपच सांगेल." तो लॅपटॉप घेऊन माणूस तिसऱ्या दिवशी आला. एका सेन्सरच्या जोडणीत पाणी शिरले होते. जोडणी पुसून, संगणकातील नोंद पुसून टाकण्यास अर्धा तास पुरला. परंतु त्याच रात्री पुन्हा जोराचा पाऊस झाला, वाफसा गेला, आणि पेरणी आठ दिवस लांबली. तो शेतकरी आम्हांस एवढेच म्हणाला, "साहेब, ट्रॅक्टरचे कागद माझ्या नावावर आहेत. मग त्याचे दुखणे मला का कळू नये?"

हा प्रश्न त्या एका गावचा नाही. अमेरिकेतील शेतकऱ्यांनी तो गेली दहा वर्षे आणि त्याहून अधिक काळ लावून धरला आहे. तेथे काय घडले हे समजून घेतले, तर आपणांस वेळीच सावध होता येईल.

यंत्रातील आज्ञावली

जुन्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल किती व केव्हा सोडावयाचे, हे लोखंडी भागांच्या हालचालीने ठरत असे. नव्या पद्धतीच्या इंजिनात ते काम एक लहानसा संगणक करतो. इंजिनाची उष्णता, हवेचा व डिझेलचा दाब, चाकांची गती हे सारे मोजण्यास जागोजागी सेन्सर बसविलेले असतात. त्यांनी पाठविलेली मापे वाचून, आत भरलेल्या सॉफ्टवेअरप्रमाणे, म्हणजे आज्ञावलीप्रमाणे, संगणक इंजिनास हुकूम देतो. मापात विसंगती आढळली, तर इंजिन बिघडू नये किंवा धूर वाढू नये म्हणून तो शक्ती कमी करतो. अशा वेळी इंजिनाचा लोखंडी भाग शाबूत असूनही ट्रॅक्टर कामास निरुपयोगी होतो.

या पद्धतीचे लाभ खरे आहेत. डिझेल मोजून जळते व धूर कमी होतो. प्रश्न संगणक असण्याचा नाही. त्या संगणकाशी बोलण्याचे साधन कोणाच्या हाती असावे, हा आहे.

लोहाराच्या कंपनीचे कुलूप

जॉन डिअर हा अमेरिकेतील एक लोहार. इलिनॉय राज्यातील चिकट मातीत त्या काळचे नांगर माती धरून बसत. १८३७ साली त्याने करवतीच्या जुन्या पात्याचे गुळगुळीत पोलादी नांगर घडविले व माती फाळाला चिकटेनाशी झाली. त्याच्या नावाची कंपनी आज जगातील मोठ्या ट्रॅक्टर कंपन्यांपैकी एक आहे. पुण्याजवळ सणसवाडी येथेही तिचा कारखाना आहे.

एका लोहाराच्या हत्यारापासून सुरू झालेल्या याच कंपनीच्या यंत्रांवरून 'दुरुस्तीच्या हक्का'चा वाद पेटला. तिच्या नव्या यंत्रांतील अनेक बिघाडांचे निदान पूर्णपणे करणारे सॉफ्टवेअर केवळ अधिकृत विक्रेत्यांस मिळते, शेतकऱ्यास मिळते ती त्याची अपुरी आवृत्ती, अशी तेथील शेतकऱ्यांची तक्रार होती. काही भाग स्वतः बदलले, तरी विक्रेत्याच्या माणसाने येऊन संगणकात मान्यता दिल्याखेरीज यंत्र तो भाग स्वीकारीत नसे. तेथे मक्याच्या पेरणीचे वा कापणीचे दिवस मोजके असतात. विक्रेता दूर असला आणि त्याच्याकडे रांग असली, म्हणजे उभे पीक व उभे यंत्र पाहत बसण्यावाचून गत्यंतर नसे.

२०१५ साली कंपनीने अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयापुढे आपली बाजू मांडली. तीत असे प्रतिपादन होते की, वाहन विकत घेणाऱ्यास त्यातील सॉफ्टवेअरची मालकी मिळत नाही, वाहनाच्या आयुष्यभर ते चालविण्याचा गर्भित परवाना तेवढा मिळतो. लोखंड शेतकऱ्याचे, परंतु त्या लोखंडास चालविणारी बुद्धी कंपनीची, असा त्याचा अर्थ होतो.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. आज्ञावलीत कोणीही फेरफार करू लागला, तर सुरक्षिततेची योजना निकामी होईल, धुरावरील कायदेशीर बंधने मोडली जातील, असे ती म्हणते. हे म्हणणे अगदी निराधार नाही. परंतु बिघाड वाचणे व सुटा भाग बदलणे एक, आणि यंत्राची शक्ती चोरून वाढविणे दुसरे. दोहोंस एकच कुलूप लावल्याने प्रामाणिक मिस्त्रीही दाराबाहेर राहतो.

हत्यार वापरावे, पण विकू नये

अमेरिकेत १९९८ सालच्या एका कायद्याने सॉफ्टवेअरवरील कुलूप तोडण्यास मनाई आहे. दर तीन वर्षांनी या मनाईस काही अपवाद करता येतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये ट्रॅक्टरसह जमिनीवरील वाहनांचे निदान व दुरुस्ती करण्यापुरता असा अपवाद मंजूर झाला व तो वर्षभरानंतर अंमलात आला. २०१८ साली मालकाच्या वतीने काम करणाऱ्या मिस्त्रीलाही त्याचा लाभ मिळाला.

तथापि यात एक मोठी उणीव राहिली. कुलूप उघडण्याची मुभा मिळाली, परंतु कुलूप उघडणारे साधन तयार करून इतरांस विकण्यावरील मनाई कायम राहिली. फाळ पाजवावा, पण पाजवण्याची कानस कोणी विकू नये, असा हा प्रकार झाला. प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःचे सॉफ्टवेअर स्वतः लिहावे, ही अपेक्षा व्यवहारात उतरणारी नाही. अशी साधने रचणारे लहान कारागीर यामुळे पुढे येऊ शकले नाहीत. मग कित्येक अमेरिकन शेतकरी युक्रेनमधून चोरवाटेने येणारे सॉफ्टवेअर वापरू लागल्याचे २०१७ साली वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. सरळ वाट बंद केली, म्हणजे माणूस आडवाटेने जातो, आणि त्या वाटेवर यंत्राचीही शाश्वती राहत नाही.

कुलपाआडचे दोष

कुलूप लावले म्हणजे आतील सर्व सुरक्षित, असेही नाही. २०२१ साली 'सिक कोड्स' हे टोपणनाव घेतलेल्या एका संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी याच कंपनीच्या इंटरनेटवरील सेवांतील दोष उघडकीस आणले. यंत्राच्या क्रमांकावरून त्याच्या मालकाची माहिती मिळविता येते, असे त्यांनी दाखविले. त्यानंतर कंपनीने दोष दुरुस्त केले. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच संशोधकाने लास वेगास येथील परिषदेत ट्रॅक्टरच्या पडद्याचे कुलूप उघडून त्यावर 'डूम' नावाचा खेळ चालवून दाखविला. खेळ गमतीचा होता, परंतु जे कुलूप शेतकऱ्यास अडविते, ते जाणकारास अडवीत नाही, हे त्यातून सर्वांस कळले.

२०२२ सालच्या वसंतात आणखी एक घटना घडली. युक्रेनमधील मेलितोपोल शहरातील एका विक्रेत्याची यंत्रे रशियन सैनिकांनी लुटून दूर चेचन्यात नेली, परंतु ती दूरवरून बंद करण्यात आल्यामुळे तेथे चालविता आली नाहीत, असे वृत्त प्रसिद्ध झाले. चोराची फजिती झाली, हे चांगलेच झाले. परंतु शेकडो कोसांवरून यंत्र बंद करण्याची शक्ती अस्तित्वात आहे, ती कोणाच्या हाती आहे आणि केव्हा वापरली जाईल, हा विचार या बातमीने अनेक शेतकऱ्यांच्या मनात आणला.

करार, कायदा आणि फिर्याद

शेतकऱ्यांच्या तक्रारींचा परिणाम हळूहळू दिसू लागला. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन फार्म ब्यूरो या शेतकऱ्यांच्या मोठ्या संघटनेने व कंपनीने एक समझोता केला. निदानाची साधने व माहितीपुस्तके शेतकऱ्यांस व स्वतंत्र मिस्त्र्यांस उपलब्ध करण्याचे कंपनीने मान्य केले. त्याबरोबरच, या विषयावरील कायद्यांस पाठिंबा न देण्याचे संघटनेने मान्य केले. समझोत्यास कायद्याचे बळ नसते, म्हणून पुष्कळांचे त्याने समाधान झाले नाही. एप्रिल २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा कायदा केला. असा कायदा करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होय. १ जानेवारी २०२४ पासून तेथे उत्पादकांनी साधने, सुटे भाग, सॉफ्टवेअर व माहिती मालकांस देणे बंधनकारक झाले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने इलिनॉय व मिनेसोटा या राज्यांसह कंपनीवर फिर्याद दाखल केली. दुरुस्तीची बाजारपेठ विक्रेत्यांपुरती रोखून ठेवली, असा त्यातील आरोप होता व कंपनीने तो नाकारला. त्याच वर्षी कंपनीने शेतकऱ्यांसाठी वार्षिक वर्गणीवर एक नवे निदान-साधन बाजारात आणले.

आपल्याकडील स्थिती

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल अशी शंका शेतकऱ्यांनी घेतली होती. अनुभवाने ती शंका गेली. नव्या यंत्राविषयी उगाच भय बाळगणे योग्य नाही, हा त्यातील धडा आहे. परंतु तो नांगर बिघडला, तर गावचा लोहार तो नीट करू शके, हेही विसरता कामा नये.

आपल्या देशात पन्नास अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस धुराचे नवे मानक १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. ते पाळण्यासाठी अशा ट्रॅक्टरांत संगणकाने चालणारी इंधनपद्धती आली. आपल्याकडील लहान ट्रॅक्टर बहुतांशी जुन्या पद्धतीचे असले, तरी अवजारे बँकांत व मोठ्या बागाईतदारांकडे नवी यंत्रे येत आहेत. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली. तिने विचारात घेतलेल्या चार क्षेत्रांत शेतीअवजारांचा समावेश आहे. डिसेंबर २०२२ मध्ये या विषयाचे संकेतस्थळही सुरू झाले.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

यंत्र घेताना किंमत व अश्वशक्ती यांबरोबर पुढील गोष्टी विक्रेत्यास विचाराव्या व उत्तरे शक्यतो लेखी घ्यावी.

१. बिघाडाचा क्रमांक फलकावर मालकास दिसतो काय? क्रमांकांचा अर्थ सांगणारी छापील यादी मराठीत मिळेल काय?

२. गावच्या मिस्त्रीने बसविलेला सुटा भाग यंत्र स्वीकारते, की कंपनीच्या माणसाची मान्यता लागते?

३. निदान-साधन असलेले सेवाकेंद्र किती अंतरावर आहे? पेरणी व मळणीच्या दिवसांत माणूस किती तासांत येईल?

४. मोबाईलचे नेटवर्क नसल्यास किंवा वर्गणी संपल्यास यंत्राचे कोणते काम थांबते?

५. यंत्र दूरवरून बंद करता येते काय? येत असल्यास कोणास व कोणत्या कारणाने?

६. शेताची व कामाची जी माहिती यंत्र गोळा करते, ती कोणास दिली जाते?

यंत्र घरी आल्यावर

तांबडा दिवा लागताच, ट्रॅक्टर बंद करण्यापूर्वी फलकावरील क्रमांक लिहून घ्यावा किंवा त्याचे छायाचित्र काढावे. धुताना तारांच्या जोडण्यांवर व संगणकाच्या पेटीवर जोराचा फवारा मारू नये. ट्रॅक्टरला वेल्डिंग करावयाचे झाल्यास माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणे आधी बॅटरीची जोडणी सोडावी. नाही तर विजेचा झटका संगणकास बसतो. डिझेल स्वच्छ ठेवावे व गाळणीत साचलेले पाणी वेळोवेळी काढावे. सॉफ्टवेअरमधील सुधारणा टाळू नयेत, परंतु पेरणीच्या तोंडावर करून घेऊ नयेत. काम संपून यंत्र मोकळे असताना त्या कराव्यात व तारीख वहीत लिहावी. बाजारात गुपचूप मिळणाऱ्या आडमार्गाच्या उपायांपासून दूर राहावे. त्यांनी हमी जाते आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावांतील अशा यंत्रांची, त्यांच्या सेवाकेंद्रांची व जाणत्या मिस्त्र्यांची यादी करून ठेवावी. यंत्र कोणत्या दिवशी थांबले, फलकावर कोणता क्रमांक होता, माणूस केव्हा आला, किती दिवस वाया गेले, याची साधी नोंदवही ठेवण्यास शेतकऱ्यांस सांगावे. विक्रेता दाद देत नसल्यास राष्ट्रीय ग्राहक सहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तक्रार कितीही खरी असली, तरी नोंदीवाचून ती सिद्ध करणे कठीण जाते.

आरंभी उल्लेखिलेल्या शेतकऱ्याने आता तशी वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या तांबड्या दिव्याचा क्रमांक, तीन दिवसांच्या तारखा आणि लांबलेल्या पेरणीची नोंद आहे. मिस्त्रीनेही तो क्रमांक आपल्या वहीत उतरवून घेतला असून, पुढील खेपेस प्रथम ती जोडणी उघडून पाहीन, असे तो सांगतो.