सर्व्हर सांभाळायला शिकायचं तर

रेशन दुकानात अंगठा लागत नाही, बँकेत पासबुक भरून मिळत नाही, सेतू केंद्रात सातबारा निघत नाही. अशा वेळी आपल्याला एकच उत्तर मिळतं, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ 2024 साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना तर हे शब्द घराघरांत पोहोचले.

हा सर्व्हर असतो कुठे, तो सांभाळतं कोण, आणि ते काम आपल्या मुलींना शिकता येईल का, याबद्दल आज बोलू. उद्या गटातल्या एखादीनं मुलीच्या ‘डेटा सेंटर कोर्स’साठी कर्ज मागितलं, तर काय बघायचं आणि काय विचारायचं, हे आपल्याला माहीत असायला हवं.

सर्व्हर म्हणजे एक दणकट संगणकच. त्याला बहुधा स्वतःचा पडदा किंवा कीबोर्ड नसतो. तो रात्रंदिवस चालू असतो आणि एकाच वेळी हजारो लोकांची कामं करतो. असे सर्व्हर लोखंडी मांडणीत एकावर एक बसवतात, त्या मांडणीला रॅक म्हणतात. रॅकच्या रांगाच रांगा असलेली इमारत म्हणजे डेटा सेंटर.

तिथे तीन कामं चालतात, आणि ती आपल्या ओळखीची आहेत. ज्वारी आपण कणगीत साठवतो, गिरणीत दळतो आणि रस्त्यानं घरी आणतो. तसंच माहिती साठवणं म्हणजे स्टोरेज, तिच्यावर हिशेब आणि प्रक्रिया करणं म्हणजे कॉम्प्युटिंग, आणि तिची ने-आण करणं म्हणजे नेटवर्किंग. आता बघा, कणगीत ज्वारी आहे, गिरणीही सुरू आहे, पण ओढ्यावरचा पूल वाहून गेला, तर घरी पीठ येईल का? त्यामुळे ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर पुष्कळदा अर्धंच असतं. सर्व्हर ठणठणीत असतो, पण रस्त्याच्या खोदकामात केबल तुटलेली असते. बिघाड कणगीत आहे, गिरणीत आहे की रस्त्यात, हे पायरीपायरीनं शोधून काढणं, हाच या शिक्षणाचा गाभा आहे.

साठवणीचं घ्या. माहिती ज्या डिस्कवर असते ती कधीतरी बिघडतेच. म्हणून तीच माहिती दोन डिस्कवर लिहून ठेवतात. एक गेली तरी काम थांबत नाही. पण एखाद्यानं चुकून नोंद पुसली, तर ती दोन्हीकडून पुसली जाते. आग लागली, तर दोन्ही डिस्क एकत्रच जातात. म्हणून आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी लागते. तिला बॅकअप म्हणतात. बियाणं एकाच घरात ठेवू नये, हे शहाणपण आपल्याकडे पूर्वीपासून आहे. बॅकअप घेतला एवढं पुरत नाही, तो परत उघडतो का हेही अधूनमधून तपासावं लागतं.

नेटवर्किंगमध्ये प्रत्येक यंत्राला घर नंबरासारखा एक पत्ता असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. इमारतीतली यंत्रं एकमेकांना जोडतो तो स्विच, आणि बाहेरच्या जगाची वाट दाखवतो तो राउटर. लांबच्या अंतरासाठी फायबर वापरतात. ही केसासारखी बारीक काचेची तार असते आणि तिच्यातून प्रकाश धावतो. ती तुटली तर एका यंत्रात दोन्ही टोकं अचूक जुळवून, वितळवून सांधतात. या कामाला सावकाश चालणारा हात आणि चांगली नजर लागते.

चौथं काम सहसा कुणी सांगत नाही, ते म्हणजे वीज आणि थंडावा. वीज गेली की बॅटऱ्या काही मिनिटं भार उचलतात आणि तेवढ्यात जनरेटर सुरू होतो. सर्व्हरनं घेतलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. म्हणून पुढून गार हवा द्यायची आणि मागून गरम हवा काढून घ्यायची, अशी रचना असते. म्हणजे डेटा सेंटरला फक्त संगणकवाले लागत नाहीत. इलेक्ट्रिशियन लागतात, आणि एसी दुरुस्त करणारेही लागतात.

आपल्या राज्यात ही कामं कुठे आहेत? मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालून येणाऱ्या केबल उतरतात. त्यामुळे नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे भागात आणि पनवेलकडे मोठी डेटा सेंटर उभी राहिली. पुण्यातून मायक्रोसॉफ्टची क्लाऊड सेवा 2015 पासून चालते. पुण्यातच 1988 साली सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली आणि 1991 साली तिनं ‘परम 8000’ हा महासंगणक तयार केला. 26 सप्टेंबर 2024 रोजी ‘परम रुद्र’ महासंगणक देशाला अर्पण झाले. त्यातला पुण्याचा महासंगणक जीएमआरटी दुर्बिणीच्या संशोधनासाठी आहे. ही दुर्बीण आपल्या जिल्ह्याच्या शिवेला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, खोडदला आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. डेटा सेंटरची इमारत अवाढव्य असली, तरी ती एकदा सुरू झाली की तिथे माणसं कमी लागतात. त्यातली बरीच कंत्राटदारामार्फत घेतात. पण हेच कौशल्य साखर कारखाना, दवाखाना, कॉलेज, पतसंस्था, बँक अशा ठिकाणीही लागतं. आपल्या जिल्ह्यात अशा संस्थांना काय तोटा? तिथेही एखाद्या खोलीत सर्व्हर असतो, स्विच असतो, बॅकअप घ्यावा लागतो. पहिली नोकरी संगमनेर, लोणी, कोपरगाव किंवा नगर शहरात मिळाली, तर तीही शिकवणारीच असते.

आता शिकायच्या वाटा. दहावीनंतर सरकारी आयटीआयमध्ये संगणक आणि नेटवर्क देखभालीशी संबंधित ट्रेड आहेत. इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशन-एसी मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेडही या कामाला उपयोगी पडतात. आयटीआयमध्ये 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. कोणत्या आयटीआयत कोणता ट्रेड आहे, हे प्रवेशाआधी प्रत्यक्ष जाऊन विचारावं. आयटीआयनंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतनासह उमेदवारी करता येते.

दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा ही दुसरी वाट. मागास व आर्थिक दुर्बल प्रवर्गांतल्या, वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शुल्क सवलत देण्याचा निर्णय सरकारनं जुलै 2024 मध्ये घेतला. आपली मुलगी त्यात बसते का, हे प्रवेशाच्या वेळी कॉलेजातच विचारून घ्यावं. खासगी क्लासच्या फीला ही सवलत लागू नाही. इंजिनिअरिंग झालेल्या मुलींसाठी सी-डॅकचा सुमारे सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्यात सर्व्हर, नेटवर्क आणि सुरक्षा शिकवतात. त्याला प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

तिसरी वाट कंपन्यांच्या परीक्षांची. सिस्को कंपनीची सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा प्रसिद्ध आहे. तिची फी 300 डॉलर, कर वेगळा. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, पुढे नूतनीकरण करावं लागतं. फी भरण्याआधी मुलीला गोडी आहे का ते बघता येतं. सिस्को नेटवर्किंग ॲकॅडमीचे सुरुवातीचे काही ऑनलाइन कोर्स मोफत आहेत. त्यांचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअरही मोफत मिळतं. त्यात संगणकाच्या पडद्यावरच स्विच आणि राउटर जोडून सराव करता येतो. या कोर्सचं इंग्रजी जड वाटलं तर घाबरू नये. दोघीतिघींनी मिळून वाचलं की ते हळूहळू सुटतं.

आता गटाचा प्रश्न. म्हैस घेताना आपण दोन वेळची धार काढून बघतो, दात बघतो, चार जणींना विचारतो. मग तेवढ्याच पैशांची फी नुसत्या जाहिरातीवर कशी भरायची? क्लासला हे विचारा. हात लावून शिकायला खरा स्विच आणि सर्व्हर आहे का? एका यंत्रावर किती मुली? प्रमाणपत्र तुमचं की सरकारमान्य संस्थेचं, की कंपनीचं? परीक्षेची फी यातच धरली आहे का? मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का? मागच्या वर्षी शिकलेल्या दोन मुलींशी बोलायला मिळेल का? ‘नोकरीची हमी’ म्हणत असतील तर ती लेखी द्या म्हणावं. लेखी देत नसतील तर ती हमी नव्हे.

रात्रपाळीचा प्रश्नही आया विचारतात, आणि तो रास्त आहे. हे काम चोवीस तास चालतं. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि सुरक्षितता व वाहतुकीची सोय मालकानं करायला हवी. दहा किंवा अधिक कामगार असतील, तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही असावी लागते. नोकरी घेताना या दोन गोष्टी विचारायला मुलीनं कचरू नये.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. जवळच्या आयटीआयत दोघीतिघींनी मिळून जा आणि प्रयोगशाळा दाखवा म्हणा. दहावीच्या मुलींनाही बरोबर न्या. त्यांना रॅक आणि केबल एकदा डोळ्यांनी बघू द्या. पुढचं त्यांना ठरवता येईल.