आवाज खुपतो की नाव? एका बँडच्या चाहत्यांवरून संशोधन-प्रश्न कसा काढायचा



मागच्या पोस्टमध्ये आपण 'विषय' आणि 'संशोधन-प्रश्न' यांतला फरक पाहिला. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच अडचण सांगितली: फरक कळला, पण विषयातून प्रश्न काढायचा कसा? पेटनंतरच्या मुलाखतीत गाडी नेमकी इथेच अडते. आपण म्हणतो, "मला चाहत्यांवर काम करायचंय." समोरून येतं, "छान. पण प्रश्न काय?" आणि आपण गप्प.

म्हणून आज एकच विषय घेऊ आणि त्याचा प्रश्न होईपर्यंत त्याला सोडायचं नाही. विषय माझ्या घरातलाच आहे.

आधी घटना काय ती पाहू

लिंकिन पार्क हा अमेरिकन रॉक बँड. 'हायब्रिड थिअरी' हा त्यांचा पहिला अल्बम ऑक्टोबर २००० मध्ये आला. मुख्य गायक चेस्टर बेनिंग्टन, आणि रॅप, गिटार, कीबोर्ड सांभाळणारा माइक शिनोडा. २० जुलै २०१७ रोजी चेस्टरने आत्महत्या केली. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये बँडने त्याच्यासाठी मैफल केली. 'नम्ब' या गाण्याच्या वेळी मधला माइक रिकामा ठेवला होता. बँड वाजवत होता आणि गाणं प्रेक्षकांनी म्हटलं.

पुढे सात वर्षं बँड जवळपास थांबला. मग ५ सप्टेंबर २०२४ ला त्यांनी जाहीर केलं की एमिली आर्मस्ट्राँग ही नवी गायिका आहे. नोव्हेंबरमध्ये 'फ्रॉम झीरो' हा नवा अल्बमही आला. आणि मग लोलापलूझासाठी ते मुंबईत येणार असं जाहीर झालं. २४ आणि २५ जानेवारी २०२६, महालक्ष्मी रेसकोर्स.

आमच्या नेरुळच्या घरात दादा लिंकिन पार्कवर वाढला. इंजिनिअरिंगला केट्या लागल्या तेव्हा रात्र रात्र कानात हेडफोन असायचे. २०१७ च्या जुलैत सकाळी बातमी कळली, तेव्हा तो नाश्ता न करताच महापेला ऑफिसला गेला. संध्याकाळी आईने काळजीने विचारलं, "तुझ्या ओळखीचा होता का रे?" तो "नाही" म्हणाला आणि विषय संपला.

लोलापलूझाची घोषणा झाल्यावर मी उत्साहात दोन तिकिटं काढली. दादा म्हणाला, "तू जा. तो माझा बँड नाही."

एमिलीचं एकही गाणं त्याने ऐकलेलं नाही. मी विचारलं, "न ऐकताच ठरवलंस?" तो म्हणाला, "ऐकायचा प्रश्नच नाहीये."

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करत होते. न ऐकता नाकारलं, म्हणजे नकार आवाजाला नाही. मग कशाला आहे?

पायरी १: 'जुळवून घेणं' म्हणजे नक्की काय?

माझा पहिला कच्चा विषय होता 'नवीन गायिकेशी चाहते कसे जुळवून घेतात'. वाचायला बरा वाटतो, पण यात 'जुळवून घेणं' मोजायचं कसं, याचा पत्ताच नाही. तिकीट काढलं म्हणजे जुळवून घेतलं? नवीन गाणी ऐकली म्हणजे? जुनी गाणी तिच्या आवाजात चालली म्हणजे? ही तीन वेगळी वागणी आहेत. एकच माणूस पहिल्याला हो आणि तिसऱ्याला नाही म्हणू शकतो.

इथे अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचं १९७० चं पुस्तक कामी येतं: 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी'. एखादी संस्था किंवा कंपनी आपल्याला नकोशी व्हायला लागली, की दोन वाटा असतात. निघून जायचं, नाहीतर आत राहून बोलायचं. आणि निष्ठा जितकी जास्त, तितकं लगेच निघून जाणं अवघड. चाहत्यांना हे लावून बघा. काही शांतपणे निघून गेले. काही रोज भांडतायत, म्हणजेच अजून आत आहेत. भांडणारा चाहता 'विरोधक' म्हणून मोजला तर तुमचं वर्गीकरण चुकलं. तो निष्ठावंतही असू शकतो.

पायरी २: दुःखाला नाव द्या, पण नाव दिलं म्हणजे काम झालं असं समजू नका

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 'पॅरासोशल' ही कल्पना मांडली. टीव्ही-रेडिओवरच्या व्यक्तीशी प्रेक्षकाचं ओळखीच्या माणसासारखं नातं तयार होतं, पण ते एकतर्फी असतं. दुसरी कल्पना केनेथ डोका यांची, १९८९ च्या सुमाराची: समाज ज्या दुःखाला दुःख मानत नाही ते दुःख. ज्याला सुतक नाही, सुट्टी नाही, भेटायला येणारं कोणी नाही. आईचा "ओळखीचा होता का?" हा प्रश्न अगदी प्रेमाने विचारलेला होता. तरीही त्याने दादाच्या दुःखाची जागाच काढून घेतली.

या दोन संकल्पना मला मिळाल्या तेव्हा वाटलं, झालं, सिनॉप्सिस तयार! गाइडनी वाचून एवढंच विचारलं, "हे चेस्टरच्या जाण्याचं स्पष्टीकरण झालं. एमिलीच्या येण्याचं कुठे आहे?"

बरोबर होतं. दुःख २०१७ चं, नकार २०२४ नंतरचा. संकल्पना चपखल बसली की आपण तिच्या प्रेमात पडतो आणि मूळ प्रश्न हातातून निसटतो. तुमचंही हे होणार आहे. तयारीत राहा.

पायरी ३: तुलना करा, म्हणजे चल घटक दिसतात

एकाच उदाहरणाकडे बघत बसलं की सगळंच महत्त्वाचं वाटतं. शेजारी दुसरी उदाहरणं ठेवली की काय बदलतंय ते दिसतं.

एसी/डीसी: गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला. ब्रायन जॉन्सन आला आणि जुलैमध्ये 'बॅक इन ब्लॅक' आला. मध्ये जेमतेम पाच महिने. मुखपृष्ठ शोकाचं म्हणून काळं.

आयर्न मेडन: ब्रूस डिकिन्सन १९९३ मध्ये बँड सोडून गेला, पण हयात होता. ब्लेझ बेली आला, १९९९ मध्ये ब्रूस परत आला. जुना गायक परत येऊ शकतो ही आशा तिथे जिवंत होती.

क्वीन: फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये गेला. अॅडम लॅम्बर्ट त्यांच्याबरोबर अनेक वर्षं दौरे करतोय, पण नाव लागतं 'क्वीन अधिक अॅडम लॅम्बर्ट'. तो पाहुणा म्हणूनच उभा राहतो.

लिंकिन पार्क: मृत्यू, सात वर्षांचं अंतर, नाव तेच, नवी गायिका पूर्ण सदस्य.

आता चल घटक मोजा. जुना गायक का गेला, मध्ये किती काळ गेला, नाव कसं लावलं, नव्याला दर्जा कोणता दिला. मी चौथं उदाहरण लिहिलं आणि 'नाव' या रकान्यावर थांबले. दादा "ती चेस्टरसारखी गात नाही" असं म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, "तो माझा बँड नाही."

पायरी ४: परकी संकल्पना आपल्या अंगणात आणून बघा

मी हे बाबांना सांगितलं. बाबांना रॉकमधलं काही कळत नाही, पण नाटकातलं सगळं कळतं. ते म्हणाले, "यात नवीन काय? 'नटसम्राट' लागूंनी केलं, मग दत्ता भटांनी केलं, दुभाषींनी केलं. लोक भांडायचे आणि तिकीटही काढायचे."

खरंच की. १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी उभे केलेले अप्पा बेलवलकर पुढे इतरांनी केले, आणि मराठी प्रेक्षकाने त्यासाठी भाषाही तयार केली: 'लागूंचा नटसम्राट', 'भटांचा नटसम्राट'. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ मध्ये आलं. त्यातले वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब २०१० मध्ये त्यांच्या नातवाने, राहुल देशपांडे यांनी केले. बाबांकडे वसंतरावांच्या कॅसेट आहेत, तरी नव्या प्रयोगाला ते गेले. आल्यावर म्हणाले होते, "वसंतराव ते वसंतराव. पण पोरानं गायलं हो."

मग नाटकात जे जमतं ते बँडमध्ये का अडतं? माझा अंदाज असा: नाटकातली भूमिका ही रिकामी होऊ शकणारी खुर्चीच असते. लेखकाने ती कोणा एकाच्या चरित्रातून काढलेली नसते. रॉक बँडचा गायक मात्र स्वतःच्या आयुष्यातलं गातोय असं ऐकणारा धरून चालतो. त्यामुळे त्या जागी दुसरं कोणी उभं राहिलं, की नवा नट आला असं वाटत नाही. दुसऱ्याची डायरी कोणीतरी मोठ्याने वाचतंय असं वाटतं.

पण थांबा, या अंदाजाला एक मोठं भोक आहे. जानेवारी २०२६ च्या आधी लिंकिन पार्क भारतात कधीच आलेले नव्हते. इथल्या चाहत्याने चेस्टरला रंगमंचावर पाहिलेलंच नाही. त्याने तो ऐकला एमपीथ्रीच्या सीडीवर, मित्राच्या पेन ड्राइव्हवर. प्रत्यक्षात त्याने ती गाणी ऐकली ती कॉलेजच्या फेस्टमध्ये, पोरांच्या बँडकडून, कधी सुरात, बऱ्याचदा बेसूर. दादा स्वतः अशा पोरांसमोर घसा बसेपर्यंत ओरडलाय. म्हणजे चेस्टरची 'डायरी' दुसऱ्याने वाचलेली त्याला चालत होती!

फरक एवढाच, की त्या पोरांनी स्वतःला लिंकिन पार्क म्हटलं नव्हतं.

पायरी ५: आता प्रश्न लिहा

विषय: नवीन गायिकेशी चाहते कसे जुळवून घेतात.

प्रश्न: ज्यांनी मूळ गायकाला फक्त ध्वनिमुद्रणातून ऐकलं, अशा नवी मुंबईतल्या चाहत्यांचा आक्षेप नव्या आवाजाला आहे की त्या आवाजाने जुनं नाव वापरण्याला?

हा प्रश्न तपासता येतो. मुलाखतीत तीन प्रसंग समोर ठेवा. एक, कॉलेजच्या बँडने म्हटलेलं जुनं गाणं. दोन, रिकाम्या माइकपाशी प्रेक्षकांनी म्हटलेलं तेच गाणं. तीन, लिंकिन पार्क या नावाखाली एमिलीने म्हटलेलं तेच गाणं. पहिले दोन चालतात आणि तिसरं खुपतं, तर आपला अंदाज टिकला. पहिलंही खुपत असेल तर अंदाज चुकला. चुकण्याची सोय नसेल तर तो प्रश्न नव्हे, ते मत.

दोन गोष्टी गोंधळ घालतील, त्या आधीच वेगळ्या काढा. एमिली बाई आहे, त्यामुळे काहींचा आक्षेप त्याला असू शकतो. शिवाय ती पूर्वी एका आरोपीला पाठिंबा म्हणून न्यायालयात हजर राहिली होती. त्यावर टीका झाली आणि माणूस ओळखण्यात चूक झाली असं तिने जाहीर निवेदनात म्हटलं. कोणी या कारणाने नाकारत असेल तर तो ना आवाजाचा प्रश्न, ना नावाचा. मुलाखतीत हे विचारलंच नाही, तर सगळं एकाच खात्यात जमा होईल.

पायरी ६: जे आले नाहीत ते कुठे आहेत?

माझा पहिला बेत सोपा होता. मैफलीच्या दिवशी गेटबाहेर रांगेतल्या लोकांशी बोलायचं. गाइड म्हणाले, "रांगेत तुझा भाऊ असेल का?"

दुसऱ्या महायुद्धातली अब्राहम वॉल्ड या संख्याशास्त्रज्ञाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं जिथे जास्त, तिथे पत्रा जाड करावा असं वाटत होतं. वॉल्डचं म्हणणं उलट: जिथे भोकं नाहीत तिथे जाड करा. कारण तिथे गोळी लागलेली विमानं परत आलेलीच नाहीत. रेसकोर्सच्या रांगेत मला फक्त परत आलेली विमानं भेटली असती, आणि मी आनंदाने लिहिलं असतं, 'चाहत्यांनी नवी गायिका स्वीकारली.'

म्हणून सॅम्पल दोन बाजूंनी घ्या. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला विचारा, "तुमच्या ओळखीत असा कोण आहे जो पूर्वी ऐकायचा आणि आता येत नाही?" आणि पहिली फेरी मैफलीच्या आधी घ्या. नंतर विचारलं तर माणसं आधीचं मत आठवून सांगत नाहीत, आत्ताच्या मताला शोभेल असं सांगतात.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं

या विषयात आत्महत्या आहे. अनेकांसाठी हा बँड त्यांच्या वाईट दिवसांशी जोडलेला आहे. एथिक्स कमिटी विचारेल म्हणून नको, तुम्ही स्वतःच तयारी करून जा. मुलाखत कधीही थांबवता येईल हे सुरुवातीलाच सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक जवळ ठेवा. आणि समोरचा गप्प झाला, तर 'डेटा' मिळतोय म्हणून पुढचा प्रश्न दामटू नका.

ही पोस्ट टाकण्याआधी मी दादाला वाचायला दिली. घरचा माणूस असला तरी परवानगी ती परवानगी. त्याने सगळं वाचलं, आईच्या वाक्यापाशी थोडा थांबला. मग म्हणाला, "टाक." आणि जरा वेळाने, "ते नावाचं बरोबर आहे बहुतेक. पण मला विचारलंस तर मी आधी आवाज असंच सांगितलं असतं."

हे वाक्य मी जसंच्या तसं वहीत लिहून ठेवलंय. लोकांना स्वतःच्या नकाराचं कारण लगेच माहीत असेलच असं नाही. थेट विचारण्याऐवजी तीन प्रसंग का ठेवायचे, त्याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला मुलाखतीत देता येणार नाही.

दुसरं तिकीट अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. नेरुळहून हार्बरने कुर्ला, तिथून दादर, पूल ओलांडून वेस्टर्न लाइनने महालक्ष्मी. रस्ता त्याला माहीत आहे. मी परत विचारणार नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या घरातलं असं एक वाक्य शोधा जे ऐकून तुम्ही 'असं कसं?' म्हणालात. त्यावरून एक प्रश्न लिहा. आणि त्याखाली लिहा, काय सापडलं तर तुम्ही चुकलात असं मान्य कराल. ती दुसरी ओळ जमली की पेटच्या मुलाखतीला निर्धास्त जा.