विरामचिन्हांची पारख

मराठी गद्यात विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मुख्यत्वे मेजर थॉमस कँडी यांच्याकडे जाते, व त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० सालची आहे; परंतु ज्या विद्यार्थ्यास अर्धविरामाची व्याख्या मुखोद्गत आहे त्यास तो योजताही येतो, असा समज परीक्षकाने करून घेऊ नये. त्यापेक्षा ‘गुरुजी म्हणाले गोविंदा उद्या येणार नाही’ एवढा चिन्हविरहित मजकूर फळ्यावर लिहून, त्याचे होतील तितके अर्थ चिन्हांनिशी लिहवून घ्यावेत. ‘गोविंदा’पुढे स्वल्पविराम पडताच तो संबोधनात जातो आणि न येणारी असामीच बदलते, ‘येणार’पुढे प्रश्नचिन्ह आले, तर ‘नाही’ हे उत्तर ठरते. प्रत्येक चिन्हाचा तोंडी खुलासा मागावा. गुण द्यावयाचे ते त्या खुलाशाला.

प्रयोगाचेही तेच. ‘मुलाने आंबा खाल्ला’ यातील आंब्याच्या जागी पोळी ठेवल्यावर ‘खाल्ली’ असे सारेच लिहितील. क्रियापद कोणाच्या तंत्राने फिरले, हे जो सांगेल त्याला कर्मणी प्रयोग समजला, मग त्याचे नाव आठवो वा न आठवो. वह्या तपासताना मात्र तांबड्या शाईने चूक दुरुस्त करू नये (हा मोह आवरणे कठीण!), समासात नुसती खूण करून दुरुस्ती विद्यार्थ्यावरच सोपवावी.