दप्तराचं ओझं पेलेल अशी मांडणी



गटाचं दप्तर म्हणजे आपल्या बचतीचा आणि कर्जाचा पुरावा. फळी मोडून वह्या ओलीत पडल्या, तर कुणी किती फेडलं हे दाखवायचं कसं?

मोठ्या वह्या उभ्या लावल्या तर एका फुटात १० ते १५ किलो वजन होतं. तीन फुटी फळी भरली की जवळपास एक गोणी तांदूळ! म्हणून मांडणी घेताना एवढं बघा:

१. फळी अडीच फुटांपेक्षा लांब नको. लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच वजनाला फळी आठपट वाकते.

२. भुशाचा बोर्ड स्वस्त पडतो, पण पाणी लागलं की फुगतो. द्रोणागिरीत खाडीची खारी, दमट हवा. त्यामुळे १८-१९ मिलीमीटरचं मरीन प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१० हा शिक्का असतो. लोखंडी मांडणी असेल तर रंग उडालेल्या जागी लगेच रंग लावा, नाहीतर गंज धरतो.

३. जुनी फळी वाकली असेल तर ती उलटी करा आणि पुढच्या कडेखाली लाकडी पट्टी उभी ठोका. मधोमध टेकू द्या.

४. मागे प्लाय ठोकला की मांडणी डुलत नाही. वरून एल पट्टीने भिंतीला पक्की करा.

५. जड वह्या खाली, हलक्या वर. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून वीतभर उंच ठेवा.

पुढच्या बैठकीत फळीच्या दोन टोकांना दोरी ताणून बघा. मध्ये फट दिसली तर आधी वजन उतरवा, मग सुताराला बोलवा.