गरम झाली की बंद, गार झाली की चालू

जुन्या इंजिनाचं सगळ्यात छळणारं दुखणं आज घेऊ. रस्त्यात बंद पडते आणि मेकॅनिककडे नेली की शहाण्यासारखी चालते.

उदाहरण घरचंच आहे, बाबांच्या विजय सुपरचं. लखनऊत सरोजिनी नगरला स्कूटर्स इंडिया हा सरकारी कारखाना होता. कंपनी 1972 ची. इटलीच्या इनोसेंटीकडून लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री आणली आणि 1975 पासून स्कूटर बनू लागल्या. देशात विकली जाणारी ती विजय सुपर. (मुंबईकरांना आठवते ती एपीआयची लॅम्ब्रेटा; घराणं एकच.) 1997 ला स्कूटर बनणं थांबलं, म्हणजे आज आपल्याकडे असलेली प्रत्येक गाडी पाव शतकाहून जुनी.

बाबा नोकरीनिमित्त लखनऊलाच होते. जूनच्या उन्हात चारबागहून निघालं की आलमबागपर्यंत गाडी मस्त, पुढे कानपूर रोडवर खोकायची आणि बंद. वीस मिनिटं सावलीत उभी केली की पहिल्या किकला सुरू! कार्ब्युरेटर दोनदा साफ झाला, तीन प्लग बदलले. शेवटी एका मेकॅनिकनं बोअर करायला सांगितलं. बाबा गाडी विकायलाच निघाले.

चूक कुठे झाली? सगळी तपासणी गार इंजिनावर, म्हणजे गाडी धडधाकट असताना झाली. हा चोर चोरी करतानाच पकडावा लागतो. म्हणून प्लगपाना आणि एक चांगला प्लग डिकीत ठेवला आणि बंद पडण्याची वाट बघितली.

पडल्याबरोबर आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडायचं. झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. ते बुजलं तर पेट्रोल उतरत जातं तशी टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल यायचं थांबतं. थोडा वेळ थांबलं की हवा झिरपते आणि गाडी पुन्हा चालते. लक्षण अगदी तेच, म्हणूनच फसायला होतं. उघडताना सुस्कारा ऐकू आला आणि लगेच सुरू झाली, तर दोष झाकणाचा. आमचा तो नव्हता.

मग झाकण घट्ट लावून, पेट्रोल कुठे सांडलेलं नाही ना हे बघून, चांगला प्लग टोपीत बसवायचा, इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि किक मारायची. ठिणगी निळी, कडक हवी. आमची पिवळट, मरतुकडी. पाय किकवर असतानाच आणखी एक कळतं: किक नेहमीसारखी जड लागली, म्हणजे कॉम्प्रेशन शाबूत. बोअरचा खर्च तिथेच वाचला.

गुन्हेगार निघाला कंडेन्सर. पॉइंट उघडतात तेव्हा तिथे उसळणारी वीज तो सामावून घेतो, त्यामुळे कॉइलमधून जोरदार ठिणगी निघते. या स्कूटरमध्ये तो फ्लायव्हीलच्या आत, इंजिनाच्या उष्णतेत बसलेला असतो. म्हातारा झाला की तापल्यावर गळतो, गार झाला की सावरतो. पॉइंट काळे, जळके दिसले तर संशय पक्का करा. जुन्या एमजी किंवा ट्रायम्फ हेराल्डमध्ये तो डिस्ट्रिब्युटरमध्ये असतो; रोग तोच, तपासणीही तीच.

फ्लायव्हील काढायला पुलरच वापरा, हातोडी नको. आम्ही नवा कंडेन्सर वायर वाढवून बाहेर, गार जागी बसवला. पुढच्या रविवारी भर दुपारी बाबा कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आले, वाटेत एकदाही न थांबता.