पाऊण किलोमीटरला एक अणू

बारामती ते इंदापूर हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी आणि मग इंदापूर. या रस्त्याने निळा धूर सोडत एखादी जुनी गाडी चालली असली, की मागचा मोटारसायकलवाला नाकाला रुमाल लावतो आणि निकाल देऊन मोकळा होतो : रिंगा गेल्या, इंजिन ऑइल खातंय. निकाल बहुतेक वेळा बरोबरच असतो. पण खातंय म्हणजे नेमकं किती खातंय, हे कागदावर मांडायला बसलं की जुन्या इंजिनाची कीव येण्याऐवजी त्याच्याबद्दल आदरच वाटू लागतो.

हिशोबाला गाडी घेऊ प्रीमियर पद्मिनी. इंदापूर तालुक्याशी तिचं लांबचं का होईना, नातं आहे. याच रस्त्यावरच्या जंक्शन गावावरून आत वळलं की वालचंदनगर लागतं. ते ज्यांच्या नावाचं, त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनू लागली आणि तीच पुढे पद्मिनी म्हणून मुंबईची काळी-पिवळी झाली. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. टॅक्सीला तीन लाखांचं रनिंग म्हणजे फार झालं असं कुणी म्हणत नाही, म्हणून आपणही तीन लाख किलोमीटरच धरू.

इंजिन चार सिलेंडरचं, १०८९ सीसी. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. एका किलोमीटरला क्रँक साधारण २,५०० फेरे घेतो असं धरू. टॉप गिअरला थोडे कमी, खालच्या गिअरला बरेच जास्त. दर फेऱ्याला पिस्टन एकदा खाली आणि एकदा वर जातो, म्हणजे १५ सेंटिमीटर. गाडी एक किलोमीटर पुढे सरकते तेवढ्यात प्रत्येक पिस्टन आपल्या वीतभर नळीत ३७५ मीटर घासलेला असतो. गाडी इंदापूरला पोचते तोवर पिस्टनचे पावणेएकोणीस किलोमीटर झालेले असतात. तो याच रस्त्याने सरळ चालत निघाला असता, तर भवानीनगरच्या आसपास असता. तीन लाख किलोमीटरला हीच घसट एक लाख साडेबारा हजार किलोमीटर भरते. पृथ्वीला विषुववृत्तावरून पावणेतीन वेळा गुंडाळता येईल एवढी. एकेका पिस्टनच्या खेपा मोजल्या तर दीडशे कोटी.

आता झीज. एवढ्या खेपांनंतर हेड उतरवलं, बोअरमध्ये गेज घातला आणि व्यास एक दशांश मिलिमीटरने वाढलेला निघाला, तर मिस्त्री म्हणेल बोअर करावं लागेल. एक दशांश मिलिमीटर म्हणजे शंभर मायक्रॉन. त्याला दीडशे कोटींनी भागा. एका खेपेच्या वाट्याला येणारी झीज लोखंडाच्या एका अणूच्या जाडीचा सुमारे पावणेचार हजारावा भाग निघते. अणूचा तुकडा पडत नाही, त्यामुळे उलटं म्हणायला हवं : पावणेचार हजार खेपा झाल्या की व्यास एका अणूने वाढतो. रस्त्यावरच्या भाषेत, पाऊण किलोमीटरला एक अणू. बारामतीहून इंदापूरला जाऊन पोचेपर्यंत सदुसष्ट अणू. माणसाने केलेल्या यंत्रांत इतकी घसट सोसून इतकं कमी झिजणारं दुसरं काही इतक्या स्वस्तात मिळत असेल असं मला वाटत नाही.

ही अर्थात सरासरी आहे, आणि इंजिन सरासरीने झिजत नाही. पिस्टन नळीच्या वरच्या टोकाला क्षणभर थांबून दिशा बदलतो, तिथे तेलाचा पापुद्रा सर्वांत पातळ आणि वरची आग सर्वांत कडक. सगळ्यात जास्त झीज तिथेच. म्हणून जुना बोअर वर रुंद आणि खाली अरुंद होतो. हाताला कळत नाही, गेजला लगेच कळतं. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटंही अशीच महागात जातात, कारण तेल अजून जागेवर पोचलेलं नसतं. अमेरिकेतल्या अर्व गॉर्डन या शिक्षकाने १९६६ मध्ये घेतलेली व्होल्व्हो २०१३ मध्ये ३० लाख मैलांपार नेली, म्हणजे ४८ लाख किलोमीटर. इंजिन वाटेत उघडलं गेलं होतं, तरीही आकडा अचाट आहे. त्यांचं चालवणं लांबचं आणि सलग होतं. उलट रोज घरापासून मंडईपर्यंत दोन किलोमीटर जाऊन थंड होणारी गाडी साठ हजारांतच म्हातारी होऊ शकते. जुनी गाडी घेताना नुसतं मीटर पाहणारा माणूस अर्धीच चौकशी करतो.

मग धूळ. पंधराचं ॲव्हरेज देणारं हे इंजिन एका किलोमीटरला सुमारे सहाशे लिटर हवा ओढतं. तीन लाख किलोमीटरला अठरा कोटी लिटर, वजनात दोनशे टनांच्या वर. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून कच्च्या रस्त्याने जाताना हवा कशी असते ते या भागात कुणाला सांगायला नको. एका घनमीटर हवेत एक मिलिग्रॅमच धूळ धरली तरी आयुष्यभरात १८० ग्रॅम होते. एअर फिल्टरने त्यातली ९९ टक्के अडवली, तरी पावणेदोन ग्रॅम धूळ सिलेंडरपर्यंत पोचते. वाळूतला क्वार्ट्झ ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतो. त्या चिमूटभर वाळूचा चौथा हिस्सा आणि दीडशे कोटी खेपा, दोन्ही एकाच नळीत. फिल्टर झटकून परत बसवायची आपली सवय इथे अंगाशी येते.

बोअर झिजला की रिंगेचं काय होतं, त्यात एक गणिती गंमत आहे. रिंग पूर्ण गोल नसते, तिला एक फट असते. नव्या इंजिनात पाव मिलिमीटरच्या आसपास. बोअरचा व्यास ०.१ मिलिमीटरने वाढला, की रिंग तेवढी फाकते आणि फट त्याच्या पाय (π) पट, म्हणजे ०.३१ मिलिमीटरने वाढते. वरून रिंगेची स्वतःची बाहेरची कडाही ०.१ मिलिमीटर घासली असेल, तर आणखी ०.६३. पाव मिलिमीटरची फट मिलिमीटरच्याही पुढे जाते. त्यातून स्फोटाचा दाब खाली क्रँककेसमध्ये उतरतो, तिथे तेलाचं धुकं करतो, आणि ते धुकं ब्रीदरच्या नळीने पुन्हा इंजिनाच्या श्वासात जातं. खालची ऑइल रिंग भिंतीवरचं जादा तेल खरवडून बारीक भोकांतून परत सोडते. ती भोकं कार्बनने बुजली, की तेल वरच राहतं. वॉल (व्हॉल्व्ह) सीलची तऱ्हा निराळी. प्रत्येक वॉल तीन लाख किलोमीटरमध्ये साडेसदतीस कोटी वेळा उघडतो, आणि सीलचं रबर उष्णतेने कडक होऊन त्याला धरायचं सोडून देतं. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्याच स्टार्टला भपकन निळा धूर काढून मग शांत झाली, तर संशय आधी वॉल सीलवर घ्यावा. चढाला ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत धूर येत असेल तर रिंगांवर. सीलचं काम त्यातल्या त्यात हलकं, रिंगांचं जड. म्हणून इंजिन खोलायला होकार देण्याआधी धूर केव्हा येतो ते आपणच पाहून ठेवलेलं बरं.

आता मूळ प्रश्न, खातं किती. समजा इंजिन बऱ्यापैकी थकलंय आणि हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल घालावं लागतं. किलोमीटरला एक मिलिलिटर. किलोमीटरला चार सिलेंडर मिळून पाच हजार स्फोट होतात. म्हणजे तेलाचा एक थेंब अडीचशे स्फोटांना पुरतो. ज्याला आपण पिदाडं इंजिन म्हणतो, त्याची ही एका वेळची चूळ.

आणि दुसऱ्या बाजूने पाहा. पिस्टन खाली गेला की सिलेंडरची १६० चौरस सेंटिमीटर भिंत आगीसमोर उघडी पडते. तिच्यावर तेलाचा एक मायक्रॉनचा पापुद्रा आहे असं धरू. केसाच्या जाडीत असे पन्नास-साठ थर सहज मावतील. हा पापुद्रा दर स्फोटाला सगळाच्या सगळा जळून गेला असता, तर किलोमीटरला ८० मिलिलिटर आणि बारामती-इंदापूर एका फेरीला चार लिटर तेल लागलं असतं. ऑइलचा चेंबर निमगाव केतकीच्या पुढे-मागेच कोरडा. प्रत्यक्षात थकलेलं इंजिनही त्या पापुद्र्याचा ऐंशीवा भागच गमावतं. जाडीत मोजलं तर साडेबारा नॅनोमीटर, लोखंडाचे पन्नास अणू. चांगलं इंजिन, दहा हजारांना लिटरभर घेणारं, पाच अणूंएवढं. भिंतीलगतची आग थंड लोखंडाला टेकताच विझते म्हणून हे जमतं. ठणठणीत आणि आजारी यांच्यातला फरक दर स्फोटाला पंचेचाळीस अणूंच्या जाडीचा, आणि तेवढ्यावर आपण गाडी विकायला काढतो.

तेवढ्यानेही धूर का दिसतो, तेही मोजता येतं. जळणाऱ्या तेलातला शंभरावा भाग न जळता बाहेर पडला आणि त्याचे अर्ध्या मायक्रॉनचे कण झाले, तर एका स्फोटामागे असे तीन कोटी कण निघतात. एवढाले बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. मोटारसायकलवाल्याच्या नाकाशी किलोमीटरमागे पंधरा हजार कोटी थेंब येतात, आणि तेलाच्या हिशोबात ते जेमतेम पाव थेंब भरतात.

आपल्या डोळ्यांदेखत पेट्रोलच्या प्रमाणात याहून जास्त तेल जाळणारी वाहनं वर्षानुवर्षं फिरली आणि कुणी त्यांना आजारी म्हटलं नाही. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरला पेट्रोलमध्ये दोन टक्के ऑइल मिसळूनच घालायचं असे, लिटरमागे २० मिलिलिटर, आणि तेही शोरूममधून बाहेर पडल्या दिवसापासून. आपली थकलेली पद्मिनी एका लिटर पेट्रोलमागे १५ मिलिलिटर खाते. व्हेस्पा २०१२ मध्ये बारामतीच्या पियाजिओ कारखान्यातून पुन्हा रस्त्यावर आली ती फोर-स्ट्रोक होऊन, त्यामुळे तिच्यात मापाने ऑइल ओतायचा प्रकार उरला नाही.

पैशांतही हेच. ऑइलचा लिटर पेट्रोलच्या चौपट धरा. हजार किलोमीटरच्या पेट्रोलखर्चावर सहा टक्के वाढतात. धूर आणि शेजाऱ्यांचा राग सोडला, तर एवढ्यासाठी इंजिन उतरवायची घाई कशाला, हे मला अजून पटलेलं नाही. धोका आहे तो विसरण्याचा. चेंबरमध्ये साडेतीन-चार लिटर तेल, आणि सर्व्हिसिंग पाच हजारांना. हजाराला लिटर खाणारी गाडी पुढच्या सर्व्हिसिंगच्या आधीच बेअरिंग खाऊन बसेल. तेव्हा आठवड्याला एकदा, गाडी सपाटीला उभी करून, इंजिन थोडं निवल्यावर ऑइलची पट्टी पुसून पाहायची. बहुतेक गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण लिटरचं अंतर असतं, त्यामुळे आपलं इंजिन दर हजारी किती घेतं हे महिन्याभरात कळतं. आकडा स्थिर राहिला तर चालवावी. दर महिन्याला वाढत गेला तर मिस्त्री गाठावा.

मिस्त्रीने इंजिन खोललंच, तर ब्लॉक जातो लेथवाल्याकडे. त्याच्या मापाला थाऊ म्हणतात, इंचाचा हजारावा भाग. दहा, वीस, तीस, चाळीस, अशी बोअरची साइज वाढत जाते आणि त्या मापाचा जाडा पिस्टन बसतो. चाळीसपर्यंत गेलेल्या पद्मिनीचा बोअर ६९ मिलिमीटर होतो आणि गणित केलं तर इंजिन ११२२ सीसीचं. वयोमानाने गाडीच्या अंगात तेहतीस सीसी वाढलेले असतात. आरसी बुकात मात्र १०८९ च.